मधलं शटल

९ डिसेंबर २०२४, सोमवार

वही आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात घेतली. शंभर पानी, वर मोराचं चित्र. हैदराबादच्या अकादमीत खेळाडूंच्या डोक्यातलं बघणाऱ्या एक मॅडम आहेत. मी निघताना त्या म्हणाल्या, "शिला, कुणाशी बोलावंसं वाटत नसेल तर लिहून काढ. रोज नाही लिहिलंस तरी चालेल, पण खरं लिही."

तर खरं लिहिते. मी शिला पुनमचंद राठोड, वय सव्वीस. बॅडमिंटनमध्ये दुहेरी खेळते आणि मला जोडीदार नाही. म्हणजे सध्या मी कुणीच नाही. एकेरीवालीचा पाय मोडला तरी ती खेळाडूच राहते. आमचं मानांकन जोडीचं असतं. जोडी मोडली की यादीतून दोघींचं नाव एकदम जातं, मग तुमचे हातपाय कितीही धडधाकट असोत.

गुंजनचा मेसेज आला त्याला आज बारा दिवस झाले. 'शिला, मी थांबते. तू खेळत राहा.' चौदा वर्षं एकत्र खेळलो आणि शेवटी दोन ओळी. मी उत्तर दिलं नाही. द्यायचंही नाही.

भुवईवर तीन टाके आहेत. तेही तिचेच.

तांड्यावर सगळे विचारतात, किती दिवस सुट्टी? मी सांगते, टाके भरेपर्यंत.

११ डिसेंबर, बुधवार

आमची गोष्ट वार्ताहरांना इतक्या वेळा सांगितली आहे की आता ती झोपेतही सांगेन. तरी लिहिते.

मी बारा वर्षांची होते, आश्रमशाळेत. मराठी लिहिता येत होती, पण घाईत तोंडातून आमची बंजाऱ्यांची गोरमाटीच यायची. हिंगोलीच्या हॉलमध्ये उकंडराव सर शिकवायचे. फौजेतून परतलेले, त्यामुळे कोर्टावर सगळं हिंदीत. दिवसभर एकच ओरडणं, "मारो! मारो!" तिथे औंढ्याची गुंजन आली. आजोबा दत्तोपंत औंढ्यातले पूजा सांगणारे गुरुजी, आई विजयाकाकू पंचायत समितीत कारकून. पोरीच्या पायात पांढरेशुभ्र बूट, केसांना दोन रिबिनी. सरांनी आम्हा दोघींना एका बाजूला उभं केलं. पहिलंच शटल दोघींच्या मधोमध आलं आणि मी ओरडले, "मारो!"

आमच्या बोलीत मारो म्हणजे माझं. तुझं म्हणजे तारो. मी सांगत होते, माझं आहे, सोड. गुंजनला वाटलं मी सरांसारखं हिंदीत सांगतेय, मार म्हणून. तिने मारलं, मीही मारलं. माझी रॅकेट तिच्या तोंडावर बसली आणि पुढच्या दाताचा कोपरा उडाला. सरांनी विचारलं, "किसका था?" मधलं शटल पडलं की ते नेहमी हेच विचारायचे. मी पुन्हा म्हणाले, "मारो!" गुंजन तोंडावर रुमाल धरून रडत म्हणाली, "बघा, आजून मारच म्हणून राहिली ही!"

अर्थ कळल्यावर सर खो खो हसले. म्हणाले, हाच तुमचा इशारा. समोरच्यांना वाटेल, ही मारा म्हणतेय. त्यांना काय कळणार कोण घेतंय ते. शिला मारो म्हणाली की गुंजननं सोडायचं, बस.

तेव्हापासून तेच. पुढच्या रविवारी याडी, म्हणजे माझी आई, भेटायला आली तर गुंजनने तिच्यापुढे बसून सगळे शब्द वहीत उतरवून घेतले. असली ती अभ्यासू.

१२ डिसेंबर

आता रायपूरचं. हेही एकदा लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल.

उपांत्य सामना. तिसरा गेम, एकोणीस-वीस, आम्ही मागे. जिंकलो असतो तर परदेशातल्या स्पर्धेसाठी आमचं नाव जाणार होतं. समोरच्यांनी शटल उंच उचललं, अगदी मधोमध. गुंजन डावीकडे होती. नियमानं मधलं शटल डावीकडच्या खेळाडूच्या फोरहँडला येतं, पण नियम पुस्तकात. आमच्यात मधलं माझंच. मी दोन पावलं मागे गेले, हात वर केला आणि मारो म्हणणार, तेवढ्यात गुंजनच ओरडली, "मारो!"

मला सांगायची तिला काय गरज होती? मी मारणारच होते. मी मारायला गेले तर ही बया स्वतःच आत घुसली. तिची रॅकेट माझ्या भुवईवर, माझी तिच्या रॅकेटवर, शटल खाली. सामना गेला.

मला मार म्हणून सांगायचं आणि वर स्वतः मध्ये यायचं. चौदा वर्षांनी दाताचा बदला घेतला म्हणायचा. फिटंफाट झाली.

दवाखान्यात ती माझ्या शेजारी बसली होती. मी एवढंच विचारलं, "मारो म्हणालीस ना तू? मग?" ती माझ्याकडे बघत राहिली. काही बोललीच नाही. बोलणार तरी काय?

२२ डिसेंबर, रविवार

सेवालाल महाराजांच्या मंदिराची मागची भिंत बरी आहे. सकाळी तासभर तिच्यावर शटल मारते. भिंत सगळं परत करते, चुकत नाही, रुसत नाही, दोन ओळींचा मेसेज करून निघूनही जात नाही. पण भिंतीपुढे उभं राहिलं की डाव्या हाताची जागा रिकामी दिसते. मी दर वेळी तिकडे बघते. सवयीनं.

घरात मात्र मला बसवत नाही. याडी भाकरी थापते ती फारच सावकाश. आज मी परात ओढून घेतली आणि दहा मिनिटांत सगळ्या भाकरी टाकल्या. दिपकच्या जीपचं चाक पंक्चर होतं. भाऊ मोठा असला तरी पाना कसा धरायचा ते त्याला अजून कळत नाही. तेही मीच बदललं. बा हौदावर निघाला तर मी आधीच पाणी आणून ठेवलं होतं. बा रिकामी घागर घेऊन तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "तू आली की आमाला कायी कामच उरत न्हाई, शिला." (घरात सगळे गोरमाटीच बोलतात. मी आपली मराठीत उतरवते.)

बरं वाटलं. निदान इथे तरी माझी कदर आहे.

५ जानेवारी २०२५, रविवार

अकादमीतून फोन आला. मार्चच्या मध्यावर निवड स्पर्धा आहे. अर्ज भरायची शेवटची तारीख पाच मार्च. तोपर्यंत जोडीदाराचं नाव दिलं नाही तर अकादमीतली माझी जागा दुसऱ्या जोडीला जाईल. जागा गेली की खेळ गेला. सव्विसाव्या वर्षी पुन्हा कुणी दारात उभं करत नाही.

दिवसभर फोन करत बसले. सात जणींना केले. नागपूरची म्हणाली, माझी जोडी ठरलीय. पुण्याची म्हणाली, बघते, आणि मग फोन उचलला नाही. केरळची एक खूप वर्षांपासून ओळखीची. मोकळी आहे, जोडीदार शोधतेय. ती हसून हिंदीत म्हणाली, "तुम्हारे साथ? तुम्हें पार्टनर चाहिए ही कहाँ? तुम तो अकेली काफ़ी हो।"

कौतुक केलं आणि नाही म्हणाली. असली माणसं मला समजत नाहीत.

संध्याकाळी तांड्याच्या बाहेर शेताकडच्या पांदीपर्यंत चालत गेले. तुरीची काढणी चालू आहे. बायका एकमेकींशी बोलत घरी चालल्या होत्या. त्यातल्या चंदाबाईने विचारलं, "एकलीच काहून फिरून राहिली बाई?" मी म्हणाले, व्यायाम. इतकं एकटं मला परक्या गावांतल्या हॉटेलांतही वाटलं नव्हतं. तिथे दुसऱ्या पलंगावर गुंजन घोरत असायची.

१४ जानेवारी, संक्रांत

औंढ्याहून दिपकच्या जीपमध्ये डबा आला. विजयाकाकूंचा तिळगूळ. वर चिठ्ठी नाही. याडीने उघडला, सगळ्यांना दिला. मी घेतला नाही.

दुपारी कुणी नसताना एक खाल्ला. विजयाकाकू गुळात सुंठ घालतात.

१९ जानेवारी, रविवार

हिंगोलीला गेले. हॉलच्या छपराला नवीन पत्रे आहेत, बाकी तोच वास, घामाचा आणि जुन्या जाळीचा. उकंडराव सर पासष्टीला आले, गुडघ्याला पट्टा बांधतात, पण आवाज तोच. त्यांनी एक मुलगी तयार ठेवली होती. ऐश्वर्या, वय वीस, शिरड शहापूरची. राज्यात एकेरी खेळते. वडील शेतकरी. ती सकाळच्या पहिल्या गाडीने येते. लांब हात, चांगली उडी, बोलणं कमी.

"सर म्हनले, तुमच्यासंगं दुहेरी खेळायची. मला येत न्हाई, ताई. पन शिकते."

"शिकायचं काय त्यात," मी म्हणाले, "मी आहे ना."

समोर दोन मुलगे घेतले. एकवीस-सोळाने जिंकलो. मी दमून बाकावर बसले. ऐश्वर्याच्या अंगाला घामसुद्धा नव्हता. सर गुडघा चोळत राहिले. मला वाटलं होतं शाबासकी देतील.

३० जानेवारी, गुरुवार

रोज हिंगोली. दिपकच्या जीपने जाते, त्याच जीपने येते. आज ऐश्वर्याने विचारलं.

"ताई, तुमी मारो म्हनल्यावर मी सोडायचं. व्हय?"

"व्हय."

"मंग माझं असलं की तुमी काय म्हनता?"

"म्हणजे?"

"माझ्यासाठी कोणता शब्द हाय?"

मला पटकन आठवेना. मग म्हणाले, "तसा शब्द लागत नाही. मी काही बोलले नाही, तर तुझं."

तिने मान हलवली. थोड्या वेळाने शटल पुसता पुसता म्हणाली, "पन तुमी बोलताच, ताई. दर वख्ताला."

पोर अजून कच्ची आहे. होईल हळूहळू.

९ फेब्रुवारी, रविवार

सरांनी गृहपाठ दिलाय, रायपूरचा सामना बघायचा. "पूरा देख. अपनी गलती देख." मी म्हणाले, गलती गुंजनची होती. सर म्हणाले, तर मग तीच बघ.

दिपकचा फोन मोठा आहे, त्यावर लावला. अंगणात याडी हळदीचे कंद मोडत बसली होती, हात कोपरापर्यंत पिवळे. शेवटचं शटल वर गेलं आणि गुंजनचा आवाज आला, स्पष्ट, "मारो!"

"ऐकलंस?" मी म्हणाले. "मला मार म्हणून सांगितलं आणि स्वतः आली."

याडीने हातातला कंद खाली ठेवला. "परत लाव."

परत लावलं. याडी हसली. तिचे तेवढेच तीन दात दिसले. म्हणाली, "छोरी तो गोरमाटी बोलरी छ!"

पोरगी गोरमाटी बोलतेय म्हणे. याडीला तर आकाशवाणीही गोरमाटीच बोलते. मी फोन बंद केला. गुंजन हिंदीत ओरडली होती. आम्ही सगळेच कोर्टावर हिंदीत ओरडतो. तिला काय पडलंय गोरमाटी बोलायचं?

एक मात्र दिसलं. मी उगाच मोजलं. पूर्ण सामन्यात मी एकसष्ट वेळा मारो म्हणाले. गुंजन एकदाच. आणि मी म्हणाले की ती बाजूला होते, जिथे असेल तिथून. एकदा तर तिची रॅकेट शटलला लागणारच होती, तरी तिने हात मागे घेतला. किती शिस्तीची खेळाडू. अशी मला पुन्हा कुठे मिळणार?

आज तिची आठवण आली. राग बाजूला ठेवून लिहिते, फार आली.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

दर वर्षी याडी औंढ्याला जाते. मी तिला सोबत म्हणून गेले, दुसरं कारण नाही. दर्शनाची रांग पार रस्त्यापर्यंत. बेलाची पानं, रताळ्याचे ढीग, भोंगे. दर्शन झाल्यावर याडी कुणाला न विचारता सरळ दत्तोपंतांच्या गल्लीत वळली आणि त्यांच्या घरात शिरली. "विजयाबाई, पाणी द्या वं." आणि मी बाहेर ओट्यावर. चपला काढाव्यात की नाही ते कळेना.

गुंजन खिचडीची ताटली घेऊन बाहेर आली. तीन महिन्यांत पहिल्यांदा बघितली. केस कापले आहेत.

"भुवई बघू," ती म्हणाली.

"भरली. दात बघू."

ती हसली. दाताचा कोपरा तसाच उडालेला. चौदा वर्षांत तिने तो बसवून घेतला नाही. विजयाकाकू किती मागे लागायच्या.

समोरून माणसांचा लोंढा चाललेला. मी ठरवलं होतं, हा विषय काढायचा नाही. पण माझं तोंड माझं कधी ऐकतं?

"तूच मारो म्हणालीस, गुंजे. मग मध्ये काहून आलीस?"

"मी मारो म्हणाले."

"तेच तर म्हणून राहिले मी."

"तुझ्या याडीने शिकवलेलं मारो, शिले."

भोंग्यावर कुणाचं तरी लेकरू हरवल्याचं सांगत होते. मी ते सगळं ऐकलं, लेकराचा शर्ट कुठल्या रंगाचा तेही. मग मला कळलं.

ती 'माझं' म्हणाली होती. माझ्या भाषेत, माझ्याच शब्दात. आणि तिने मारो म्हटलं तर त्याचा अर्थ 'माझं' असू शकेल, हे माझ्या कानालाच माहीत नव्हतं.

"मला हिंदी वाटलं," मी म्हणाले.

"दवाखान्यात विचारलंस ना, तेव्हाच कळलं."

"मग सांगायचं होतं तिथेच!"

"काय सांगू? मी डावीकडे होते. शटल माझ्या फोरहँडला येऊन राहिलं होतं. मला वाटलं, मराठीत म्हणाले तर ही ऐकणार नाही. हिच्या बोलीत म्हणाले तर ऐकेल." तिने खिचडीतला दाणा उचलला आणि पुन्हा ताटलीत टाकला. "एका शटलासाठी नाही थांबले गं. माझ्या तोंडून 'माझं' येईल असं तुला कधी वाटलंच नव्हतं. ते लागलं मला."

मला राग यायला हवा होता. भांडायला मी कमी नाही. पण लाज वाटली, कानशिलं तापेपर्यंत लाज वाटली. एकसष्ट आकडा डोक्यात होता, आणि मी त्याला शिस्त म्हटलं होतं. बा रिकामी घागर घेऊन उभा होता, तेही आठवलं.

"परत येशील?" मी विचारलं.

"नाही. वसमतच्या एका शाळेत लागले मी. चाळीस पोरी आहेत आणि रॅकेटी सहा." ती हे इतक्या आनंदानं म्हणाली की मी परत तेच विचारलं नाही.

"एक दिवस तरी ये. शनिवारी, हिंगोलीला. शेवटचं."

तिने खिचडीची ताटली माझ्या हातात दिली. "आधी खा. उपास आहे ना तुला?"

मला उपास नव्हता. मी सगळी खाल्ली.

१ मार्च, शनिवार

गुंजन आली. जुनी रॅकेट, नवीन ग्रिप. एका बाजूला आम्ही दोघी, समोर ऐश्वर्या आणि उकंडराव सर. सर गुडघ्यामुळे जागेवरूनच खेळतात, पण शटल जिथे म्हणाल तिथे टाकतात.

किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. मी मागे, ती पुढे. तिने जाळीपाशी एक शटल हळूच पलीकडे सोडलं, ऐश्वर्या पळत आली आणि आम्ही दोघी एकदम हसलो. डाव्या हाताला माणूस होतं. तीन महिने ती जागा मोकळी होती.

मी आज कमी बोलायचं ठरवलं होतं. जमलंही बऱ्यापैकी. जे तिचं ते सोडलं. जीभ दातांखाली धरून.

बारा-अकरा असताना सरांनी मुद्दाम केलं की आपोआप झालं, त्यांनाच माहीत. शटल उंच उचललं. मधोमध. गुंजन डावीकडे, मी उजवीकडे. छपरापर्यंत जाऊन ते वळलं. माझे पाय निघाले होते. मी त्यांना थांबवलं, खरंच जोर लावून थांबवलं, आणि आयुष्यात ओरडले नसेन इतक्या मोठ्यानं ओरडले.

"तारो!"

गुंजन आधीच बाजूला झाली होती. शटल वर असतानाच तिने एक पाऊल डावीकडे टाकलं, रॅकेट खाली घेतली आणि मला वाट मोकळी करून दिली. चौदा वर्षं करत होती तसं. शब्द ऐकून ती वळली, पण तोवर उशीर झाला होता. शटल आमच्या दोघींच्या मधोमध पडलं.

सरांनी विचारलं, पण आज हळू आवाजात, "किसका था?"

गुंजन खाली बसली. मला वाटलं हसतेय. हसतच होती आधी. "पाय ऐकत नाहीत गं, शिले," ती डोळे पुसत म्हणाली. "सवय लागली."

मी तिच्याशेजारी बसले. "सर परत टाकतील. मी परत म्हणते."

"नको. राहू दे असंच. तू म्हणालीस, मी ऐकलं."

दोनच्या वसमत गाडीने ती गेली. मी स्टँडवर सोडायला गेले. तिची पिशवी उचलायला हात पुढे केला होता, मग मागे घेतला. तिची तिने उचलली. गाडी वळेपर्यंत उभी राहिले. नंतरही थोडा वेळ उभीच होते, कारण मला कुठेच जायचं नव्हतं.

५ मार्च, बुधवार

सकाळी याडी भाकरी थापत होती. मी तिच्यासमोर बसून राहिले. चाळीस मिनिटं लागली. मध्येच तिने विचारलं, बरं न्हाई का तुला?

अर्ज भरला. जोडीदाराच्या रकान्यात ऐश्वर्याचं नाव. निवड होईल असं मला वाटत नाही. दहा दिवसांत जोडी होत नसते, आणि मला सगळं पहिल्यापासून शिकायचं आहे. पण नाव गेलं.

गुंजनला कळवलं. तिने लिहिलं, 'छान. तिच्या दाताला जप.' फोन ठेवल्यावर खोली फार शांत वाटली. ही शांतता आता राहणार. तिच्यावर औषध नाही.

दुपारी हॉलमध्ये ऐश्वर्याला तिचा शब्द सांगितला. तिने तीन-चार वेळा स्वतःशीच म्हणून बघितला, तारो, तारो. मग सरांनी शटल टाकलं, मधोमध. मी "तारो" म्हणाले आणि जागची हलले नाही. ऐश्वर्या उडाली, हात पूर्ण ताणला आणि शटल सरळ जाळीत मारलं.

"किसका था?" सर ओरडले.

ऐश्वर्याने माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही.

"माझं व्हतं, सर," ती म्हणाली.

मी डब्यातून दुसरं शटल काढून तिच्या हातात दिलं.